गाठ काढली, पण सगळी निघाली का?

गेल्या महिन्यात या सदरासाठी लखनौच्या अमीनाबादहून एक मेसेज आला. लिहिणाऱ्या ताई मूळच्या विट्याकडच्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन स्थायिक झाली आहेत, त्यांतलंच हे एक. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि मोबाइलवर आपलं हे मासिक. ताईंनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं:

‘ताई, माझ्या नणंदेच्या छातीत गाठ निघाली आहे. बायोप्सीत कॅन्सर आला. डॉक्टर म्हणतात, अख्खा स्तन काढायची गरज नाही, गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढू. पण कडा साफ आल्या नाहीत तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. सासूबाई म्हणतात, मग एकदाच सगळं काढून टाका. मला एवढंच सांगा, उघडून समोर ठेवल्यावर डॉक्टरांना दिसत नाही का, कॅन्सर कुठं संपला ते?’

प्रश्न इतका सरळ आहे की तो अजून कुणी कसा विचारला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. उत्तरही सरळच आहे. नाही, दिसत नाही. निदान नुसत्या डोळ्यांनी तरी नाही.

स्तनात चरबी असते, दुधाच्या नळ्या असतात, ग्रंथी असतात. गाठीचा मधला भाग बोटांना कडक लागतो, कापल्यावर करडा-पांढरा दिसतो. पण गाठीला लिंबासारखी साल नसते. तिच्या कडेवरून काही पेशी दुधाच्या नळ्यांमधून बारीक मुळांसारख्या पुढे सरकलेल्या असू शकतात. या पेशींचा रंग वेगळा नसतो आणि त्या हाताला लागतही नाहीत. त्यामुळे सर्जन आपल्या अनुभवानं आणि मॅमोग्राफी-सोनोग्राफीच्या चित्रांवरून अंदाज बांधतात आणि गाठीभोवती निरोगी भागाचं एक कवच ठेवून तुकडा काढतात. मग तो तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चक्क शाई लावतात. पुष्कळदा प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची, म्हणजे वरची कड कोणती, आतली कोणती हे नंतर कळावं. त्यानंतर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाई लागलेल्या जागी कर्करोगाची पेशी भेटली, तर कड ‘पॉझिटिव्ह’. म्हणजे काही पेशी आत राहून गेल्या असण्याची शक्यता. शाईवर पेशी नसेल, तर साध्या पसरणाऱ्या कर्करोगासाठी कड साफ मानतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी हा नियम ठरवून दिला. त्याआधी किती मिलिमीटर मोकळी जागा हवी यावर सर्जन मंडळींत एकवाक्यता नव्हती. नळ्यांच्या आतच असलेल्या, अजून बाहेर न फुटलेल्या प्रकारासाठी मात्र २ मिलिमीटर मोकळी जागा बघतात.

गलाईच्या धंद्यातल्या घराला हे समजावणं सोपं आहे. दागिना हातात घेऊन सोनं किती आणि भेसळ किती हे नजरेनं छातीठोक सांगता येत नाही, टंच काढावाच लागतो. इथंही तसंच. फरक इतकाच, की सोन्याचा टंच लगेच कळतो आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला कित्येक दिवस लागतात. तोवर जखम शिवून रुग्ण घरी गेलेली असते.

आणि मग फोन येतो, की परत या.

हे किती जणींच्या बाबतीत होतं? ब्रिटनमध्ये ५५ हजारांहून जास्त स्त्रियांच्या सरकारी नोंदी तपासून २०१२ मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यात स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर दर ५ पैकी १ बाईला पुन्हा टेबलावर जावं लागलं होतं. ती हलगर्जी नव्हती. आत न दिसणाऱ्या गोष्टीवर अंदाजानं सुरी चालवण्याची ती किंमत होती.

सासूबाईंचं म्हणणं चूक का बरोबर?

‘एकदाच सगळं काढून टाका’ हे म्हणणं सासूबाईंचं एकट्याचं नाही. मोठमोठे सर्जनही जवळजवळ शंभर वर्षं हेच म्हणत होते. अमेरिकेतले विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी पद्धत रुजवली, तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढत. जितकं जास्त काढाल तितका जीव वाचेल, असा तो हिशेब होता. तो हिशेब तपासायला १९७३ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात उंबेर्तो वेरोनेसी यांनी एक अभ्यास सुरू केला. लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकी काहींचं हॅल्स्टेडचं मोठं ऑपरेशन केलं, बाकीच्यांचा फक्त स्तनाचा एक भाग काढून वर रेडिएशन दिलं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी असाच मोठा अभ्यास केला. दोघांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे स्त्रियांचं आयुष्यमान सारखंच निघालं. अख्खा स्तन काढल्यामुळे कुणी जास्त जगलं नाही.

सासूबाईंना हे नक्की सांगा. पण दुसरी बाजूही सांगा, कारण त्या काळजीपोटीच बोलतात. स्तन वाचवायचा तर दोन अटी आहेत. कडा साफ हव्यात आणि रेडिएशन घ्यायलाच हवं. कड साफ नसेल तर त्याच स्तनात रोग परतण्याचा धोका निदान दुप्पट होतो. रेडिएशनसाठी पूर्वी पाच-सहा आठवडे रोज हॉस्पिटल गाठावं लागे. हरदोई-बाराबंकीच्या खेड्यातून येणारी बाई लखनौत इतके दिवस राहणार कुठं, म्हणून कित्येकजणी नाइलाजानं स्तन काढून टाकायला तयार होत. आता पुष्कळ जणींना तीन आठवड्यांत, १५ वेळांत रेडिएशन पुरतं, आणि काही निवडक रुग्णांमध्ये पाच वेळांचाही पर्याय आहे. हे डॉक्टरांना विचारून घ्या. ‘राहायची सोय नाही’ हे कारण स्तन काढण्याचं असेल, तर आधी सोयीचं बघावं, असं मला वाटतं. गाठ खूप मोठी असेल, एकाच स्तनात दोन-तीन ठिकाणी पसरली असेल किंवा रेडिएशन देता येणार नसेल, तर मात्र पूर्ण स्तन काढणं हाच योग्य मार्ग ठरू शकतो. एखाद्या बाईनं सगळं समजून घेऊन तोच मार्ग स्वतः निवडला, तर तोही तिचा हक्क आहे. पण निवड तिची असावी, नणंद-जावांच्या बैठकीची नव्हे.

मग आत दिसावं म्हणून काय करतात?

इथून पुढे यंत्रांची गोष्ट सुरू होते. सगळ्यात महागडं यंत्रच सगळ्यात उपयोगी असं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे गाठ नेमकी सापडणं. मॅमोग्राफीत दिसलेली पण हाताला न लागणारी गाठ असेल, तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रेडिओलॉजिस्ट त्या जागेपर्यंत एक बारीक तार सरकवतात. तारेच्या टोकाला गळासारखा आकडा असतो, तो जागा सोडत नाही. सर्जन त्या तारेच्या मागोमाग जातात. तार बाहेर लोंबत असते, बाईला तशीच थिएटरपर्यंत न्यावी लागते, त्यामुळे आता काही देशांत तांदळाच्या दाण्याएवढे चुंबकीय किंवा किरणोत्सारी कण आत ठेवतात आणि हातातल्या यंत्रानं ते शोधतात. आपल्याकडे तारच जास्त भेटते, आणि ती काही वाईट नाही.

भारतात मात्र बऱ्याच जणींची अडचण उलटी असते. गाठ हाताला लागते, चांगली मोठी असते, म्हणून आधी केमोथेरपी देऊन ती लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. केमो इतकी लागू पडते, की कधी कधी गाठ पार विरघळून जाते. रुग्णासाठी ही आनंदाची बातमी, सर्जनसाठी कोडं. कापायचं कुठं? म्हणून केमो सुरू होण्याआधी किंवा पहिल्या काही डोसांच्या आत गाठीच्या मध्यभागी धातूची बारीक खूण, म्हणजे क्लिप, ठेवून घ्यावी लागते. परदेशी क्लिप महाग पडते, तर काही भारतीय सर्जन ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बंद करायला वापरतात ती साधी टायटॅनियमची क्लिपच त्यासाठी वापरतात. ही क्लिप राहून गेली, तर नंतर कितीही भारी यंत्र आणलं तरी जागा अंदाजानंच ठरते. तुमच्या घरात कुणाची केमो आधी होणार असेल, तर ‘क्लिप ठेवली का’ हा एक प्रश्न आजच विचारा. मेसेज पाठवणाऱ्या ताईंनाही मी सगळ्यात आधी हेच कळवलं.

दुसरी गोष्ट सोनोग्राफी. हो, तीच साधी, पोटावर जेली लावून करतात ती. नेदरलँड्समध्ये हाताला लागणाऱ्या गाठी असलेल्या १३४ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींचं ऑपरेशन नेहमीसारखं बोटांच्या अंदाजानं केलं, अर्ध्या जणींच्या ऑपरेशनमध्ये सर्जननं सोनोग्राफीचा प्रोब हाताशी ठेवून गाठीची कड पडद्यावर बघत कापलं. बोटांच्या अंदाजात १७ टक्के जणींच्या कडेवर कर्करोग राहिला. सोनोग्राफीत हे प्रमाण ३ टक्के. शिवाय निरोगी भागही कमी कापला गेला, म्हणजे स्तनाचा आकार जास्त टिकला. मला या सगळ्या विषयात हाच आकडा सगळ्यात बोलका वाटतो, कारण हे यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावातही आहे.

मग प्रत्येक थिएटरमध्ये ते का नसतं? एक कारण सर्जनना स्वतः सोनोग्राफी वाचण्याचं शिक्षण नसतं हे. दुसरं कारण खास आपल्याकडचं. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी १९९४ साली केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते जिथे वापरायचं त्या जागेची नोंदणी लागते, ते वाटेल तसं इकडून तिकडे नेता येत नाही. मुली वाचाव्यात म्हणून केलेला कायदा, आणि तो हवाच आहे. पण नोंदणीचे कागद करून थिएटरसाठी वेगळं यंत्र ठेवणं हे हॉस्पिटलनं मनावर घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे. बाई टेबलावरच असते, तुकडा एक्स-रे यंत्रात जातो, तार, क्लिप किंवा कॅल्शियमचे ठिपके त्यात आले का आणि ते कडेपासून किती आत आहेत हे काही मिनिटांत कळतं. कड जवळ वाटली तर त्या बाजूचा थोडा भाग तेव्हाच आणखी काढतात. काही ठिकाणी फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे तुकडा गोठवून लगेच काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्तनात चरबी जास्त, ती नीट गोठत नाही, त्यामुळे त्यात अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतात.

आणि एक बिनयंत्राची युक्ती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २३५ रुग्णांवर अभ्यास करून २०१५ मध्ये असं दाखवलं, की गाठ काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीच्या सगळ्या बाजूंनी एकेक पातळ काप आणखी काढला, तर कड पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ३४ वरून १९ टक्क्यांवर येतं, आणि दुसऱ्या ऑपरेशनचं २१ वरून १० टक्क्यांवर. ना कॅमेरा, ना औषध. स्वयंपाकघरात बटाट्याचा काळा भाग काढल्यावर आपण आजूबाजूचाही थोडा काढतो, तितकंच.

आत उजेड पाडणारं औषध

ताईंच्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर शोधायचा प्रयत्नही झाला आहे. कर्करोगाच्या पेशीच उजळून दिसल्या तर? अमेरिकेत १७ एप्रिल २०२४ रोजी पेगुलिसियानिन नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. ऑपरेशनच्या काही तास आधी ते शिरेतून देतात. ते शरीरभर फिरतं पण विझलेलं असतं. कर्करोगाच्या पेशींभोवती काही एन्झाइम जास्त प्रमाणात असतात, ते या औषधाचा दुवा तोडतात आणि तेवढ्या जागी ते चमकू लागतं. गाठ काढून झाल्यावर सर्जन एक छोटा कॅमेरा पोकळीत फिरवतात. चमक दिसली, की तिथला थोडा भाग आणखी काढतात. लक्षात घ्या, यात तुकड्याऐवजी बाईच्या शरीरात उरलेली पोकळी तपासली जाते. विचार म्हणून मला हे फार आवडलं.

आता निकाल. अभ्यासात ज्या ३५७ स्त्रियांमध्ये हा कॅमेरा वापरला, त्यांतल्या २७ जणींमध्ये नेहमीच्या ऑपरेशननंतरही राहून गेलेला कर्करोग त्यानं शोधून काढला. यांतल्या बऱ्याच जणींचा नेहमीचा रिपोर्ट ‘कडा साफ’ असा आला होता. म्हणजे कॅमेरा नसता तर त्यांना कळलंही नसतं. दुसरीकडे, जिथे खरोखर पेशी उरल्या होत्या त्यांतल्या साधारण निम्म्या जागाच कॅमेऱ्यानं पकडल्या. निम्म्या सुटल्या. आणि काही रुग्णांना औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी झाली, म्हणून त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा आहे. बातम्यांचे मथळे ‘आता कर्करोग लपणार नाही’ असे येतात. निम्मा लपतोच, हे मथळ्यात येत नाही.

असं औषध अजून आपल्या नेहमीच्या थिएटरमधली वस्तू नाही. पण म्हणून लखनौत बसलेल्या बाईनं हातावर हात ठेवायची गरज नाही, कारण उजेडाचीच एक स्वस्त गोष्ट तिच्या शहरात झाली आहे. त्यासाठी स्तनातून काखेत जावं लागेल.

नीळ आणि पहारेकरी

स्तनातला कर्करोग बाहेर पडतो तेव्हा बहुतेकदा आधी काखेतल्या लसिकाग्रंथींत जातो. पूर्वी ऑपरेशनमध्ये काख सरसकट साफ करत, दहा-पंधरा-वीस गाठी निघत. त्याचं मोल बाईचा हात मोजतो. लसिकेचा निचरा बिघडतो, हात सुजतो, जड होतो, बांगडी चढत नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये जो आढावा आला, त्यात काख पूर्ण साफ केलेल्या दर ५ पैकी जवळपास १ बाईला अशी सूज आली होती. फक्त पहिल्या एक-दोन गाठी काढल्या तर हे प्रमाण सुमारे ५-६ टक्के. सूज आली की कणीक मळणं, बादली उचलणं, लोकलमध्ये वरची कडी धरणं, सगळंच अवघड. अमीनाबादमध्ये चिकनचं भरतकाम करणारी बाई असेल तर तिची रोजीरोटीच त्या हातावर असते.

म्हणून आधी शोधायची ती ‘पहारेकरी गाठ’, स्तनातली लसिका सगळ्यात आधी जिच्यात उतरते ती. तिच्यात कर्करोग नसेल तर मागच्या गाठींना हात लावायचं कारण नाही. ही गाठ शोधायची रूढ पद्धत म्हणजे निळा रंग आणि जोडीला टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, त्याला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, गॅमा प्रोब लागतो, परवाने लागतात. आपल्या देशातल्या बहुतेक हॉस्पिटलांत यांतलं काहीच नाही. नुसत्या निळ्या रंगावर काम भागवलं तर काही जणींची गाठ सापडत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये आणि लखनौच्याच संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत, म्हणजे रायबरेली रोडवरच्या पीजीआयमध्ये, सर्जननी यावर जो तोडगा अभ्यासला तो मला फार जवळचा वाटतो. फ्लोरेसिन. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्यासाठी नेत्रतज्ज्ञ कित्येक दशकं हे रंगद्रव्य वापरत आले आहेत. स्वस्त, ओळखीचं. ते मेथिलीन ब्लूच्या जोडीनं स्तनात टोचायचं. काखेत छेद घेतल्यावर थिएटरमधले मोठे दिवे मंद करायचे आणि निळ्या प्रकाशाचा एलईडी दिवा धरायचा. फ्लोरेसिन निळा प्रकाश शोषून हिरवा-पिवळा परत फेकतं, त्यामुळे लसिकेची बारीक वाट आणि तिच्या टोकाची गाठ अंधारात काजव्यासारखी उजळते. किरणोत्सारी पद्धतीशी तुलना केल्यावर गाठ सापडण्याच्या बाबतीत ही जोडी जवळपास तितकीच चांगली ठरली. लाखो रुपयांच्या यंत्राच्या जागी एक दिवा आणि एक छोटी कुपी.

अमीनाबादच्या माणसाला यातली निळी वाट ओळखीची वाटेल. चिकनच्या कापडावर आधी लाकडी ठप्प्यांनी निळीची नक्षी छापतात. कारागीर बायका त्या निळ्या रेषेवरून टाका घालत जातात आणि शेवटी कापड धुतलं की नीळ निघून जाते, टाके राहतात. सर्जनही काखेत तशीच एक निळी रेषा पकडून पुढे जातात. मेथिलीन ब्लूही धुतलं जातं, पण दोन-तीन दिवस लघवी हिरवी-निळी होते. आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरून हॉस्पिटलला फोन लावतात. फ्लोरेसिननं लघवी आणि थोडी त्वचा पिवळसर दिसू शकते, त्याला कावीळ समजू नका. मात्र एक गोष्ट गंभीर आहे. मेथिलीन ब्लूचं नैराश्यावरच्या काही औषधांशी वाकडं आहे. अशा गोळ्या चालू असतील तर लाजेखातर लपवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि सर्जनना दोघांनाही सांगा. कुठल्याही रंगाची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही.

तिसरं एक द्रव्य आहे, इंडोसायनिन ग्रीन. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, खास इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतो. ज्या हॉस्पिटलांत दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी असा कॅमेरा आधीच घेतलेला असतो, तिथे तो काखेसाठीही वापरता येतो. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरमधून यावर चांगलं काम प्रसिद्ध झालं आहे.

अमीनाबादमध्ये औषधांचा मोठा घाऊक बाजार आहे. अर्ध्या उत्तर प्रदेशातले केमिस्ट तिथून माल उचलतात. अशा बाजारात बाटल्यांच्या रांगेत सहज खपणारं आणखी एक औषध या गोष्टीत आहे, थोडं विषयांतर होईल पण सांगते. लिडोकेन. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकारानं देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटं तिच्याभोवती लिडोकेन टोचलं, तर ५ वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. इथे काही उजळत नाही, काही दिसत नाही. पण स्वस्त कुपीला कमी लेखू नये म्हणून सांगितलं. अर्थात यांतलं कोणतंही औषध आपण विकत घेऊन जायचं नाही, ते काम सर्जनचं.

टेबलावर जाण्याआधी

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे, आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं गेल्या. या दोन आकड्यांतलं अंतर इतकं कमी असण्यामागे उशीर हे मोठं कारण आहे. त्यातला काही उशीर आपण घरातच करतो. काही उशीर घाईतून होतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. ‘छोटी गाठ आहे, उद्याच काढून टाकू’ असं म्हणून कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये सुईची बायोप्सी न करता गाठ काढतात, कधी ती तपासायलाही पाठवत नाहीत. नंतर कर्करोग निघाला की मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनना कड कुठली, शाई कुठं लावायची, काहीच कळायला मार्ग उरत नाही. वर सांगितलेली सगळी यंत्रं त्या एका घाईपुढे निरुपयोगी होतात. आधी सुईची बायोप्सी, मग ठरवून ऑपरेशन. हा क्रम कुणी उलटा करत असेल तर खुशाल उठून दुसरीकडे जा. काही दिवसांनी बिघडत नाही.

सर्जनना भेटायला जाल तेव्हा यंत्रांची नावं पाठ करून जाऊ नका. नावापेक्षा पद्धत विचारा. ‘गाठीची कड तुम्ही ऑपरेशन चालू असताना कशी तपासता?’ उत्तर सोनोग्राफी असेल, एक्स-रे असेल, फ्रोझन असेल, जास्तीचे काप असतील. काहीतरी असावं. ‘तुमच्याकडे किती जणींना पुन्हा यावं लागतं?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नेहमी ही ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनना आपला आकडा माहीत असतो आणि ते सांगतात. काखेबद्दल विचारा, सगळ्या गाठी काढणार की पहारेकरी शोधणार, आणि शोधणार तर कशानं. सोबत अशी एक व्यक्ती न्या जी रडणार नाही आणि लिहून घेईल. आमच्याकडे हे काम बहुधा कॉलेजातली पोरं चांगली करतात.

अमीनाबादच्या ताईंच्या नणंदेला हे सगळं त्यांनी वाचून दाखवलं. त्यांनी परत कळवलं, की क्लिप ठेवून झाली आहे, केमोचे दोन डोस झालेत, आणि सासूबाईंनी आता फक्त एवढंच विचारलं आहे की रंगानं लघवी निळी होते ती किती दिवस. दोन-तीन दिवस, आजी. भरपूर पाणी द्या.